कंटेनरची ओटी

रुक्मिणबाईच्या हातात आली की केळीची फणीसुद्धा शहाण्यासारखी वागते, असं पॅकहाउसमधल्या बाया म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण खोटं नव्हतं. नव्या बाईच्या हातून घड निसटायचा, फणी हौदाच्या काठावर आपटायची, सालीवर काळा डाग पडायचा आणि ती फणी बाजूला काढावी लागायची. रुक्मिणबाईचं तसं कधी झालं नाही. डाव्या हाताने घड पोटाशी धरायचा, उजव्या हातातल्या वाकड्या सुरीने दांड्याजवळ काप द्यायचा आणि सुटलेली फणी तुरटीच्या पाण्यात अशी सोडायची, की तान्ह्या पोराला न्हाऊ घालतेय असं वाटावं. चिकाने तिच्या सगळ्या साड्या तपकिरी झाल्या होत्या. त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

नांदेडहून अर्धापूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. तिथल्याच एका गावात दयानंदने हे पॅकहाउस टाकलं होतं. पॅकहाउस म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, दोन हौद, पलीकडे थंड खोली आणि कोपऱ्यात त्याचं टेबल. दयानंद गावातलाच. लहानपणी रुक्मिणबाईच्या ओसरीवर खेळून मोठा झालेला, लातूरला शेतकी शिकून आलेला, बोलायला गोड आणि स्वभावाने घाईचा. दोन-तीन वर्षं त्याची केळी ट्रकने हैदराबादला जात होती. मग त्याच्या डोक्यात परदेश शिरला. आखातातला एक व्यापारी फोनवर आला, आणि बघता बघता शेडमधली भाषाच बदलून गेली.

आधी नुसता माल जायचा, आता कन्साइनमेंट जाऊ लागलं. गाडी भरण्याचं स्टफिंग झालं. बायांनी हे शब्द तोंडात घोळवून घोळवून पार आपलेसे करून टाकले. सिंधु म्हणून एक फटकळ बाई होती, नवरा रुसून बसला की ती सांगायची, "आमचं कन्साइनमेंट आज होल्डवर हाय." मग हौदाभोवती हसण्याचा गलका व्हायचा आणि दयानंदही टेबलामागे गालातल्या गालात हसायचा.

एकदा दुपारी जेवायला बसल्यावर सिंधुनेच त्याला विचारलं, "दयानंदा, ते एफओबी एफओबी करून राहिला सकाळपासून, ते काय असतंय?"

दयानंद क्रेटवर बसला. शिकवायची त्याला भारी हौस. "सोपं हाय. माल बंदरावर जाऊन जहाजात चढेस्तोवर जिम्मेदारी आपली. एकदा चढला की घेणाराची. मंग पुढं काही बी होवो."

"मंग आपण इचारायचं बी न्हाई?"

"इचारून काय करता? माल त्यांचा झाला की."

"म्हंजे लेकीवानीच म्हण की!" सिंधु म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या.

रुक्मिणबाई हसली नाही. हातातली भाकरी तिने परत फडक्यात ठेवली, फडक्याला गाठ मारली आणि हौदाकडे निघून गेली. सिंधुने जीभ चावली. रुक्मिणबाईच्या लेकीचं काय झालं ते शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

शिल्पा ही रुक्मिणबाईची एकुलती एक लेक. अहमदपूरकडच्या एका खेड्यात दिली होती. घर खाऊनपिऊन सुखी, असं मध्यस्थाने सांगितलं होतं, आणि ते तेवढ्यापुरतं खरंही होतं. शिल्पा पहिल्या वर्षी दोनदा आली, हसत आली, हसत गेली. तिसऱ्यांदा आली ती एकटीच, हातात पिशवी नाही, पायात चप्पल धड नाही. रात्रभर आईच्या कुशीत तोंड खुपसून पडून राहिली. मला परत पाठवू नको, एवढंच म्हणाली. रुक्मिणबाईने तिच्या डोक्याला तेल लावलं, आवडीची शेंगदाण्याची चटणी केली, आणि चार दिवसांनी चार आया जे सांगतात तेच सांगितलं. आता तेच तुझं घर. थोडं सोसावं लागतं. गाव काय म्हणंल.

निघायच्या दिवशी तिने पाट मांडला. नांदेडच्या वजिराबादेतून मुद्दाम आणलेला हिरवा खण, गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी असं सगळं ताटात काढून ठेवलं. माहेराहून निघालेल्या लेकीला रित्या ओटीने जाऊ देत नाहीत. पण शिल्पा पाटावर बसलीच नाही. "हाकलून देऊन राहिलीस, आन् ओटी कशाला भरतीस?" असं म्हणून ती उंबऱ्यातून तशीच निघाली. बाप, भुजंग, मान खाली घालून तिच्यामागे एसटीपर्यंत गेला. रुक्मिणबाई ताट हातात घेऊन दारात उभी होती.

त्यानंतर एकदा फोन आला होता. "आई, मला घेऊन जा." दिवाळीला येते, असं रुक्मिणबाई म्हणाली. दिवाळीच्या आधीच सासरचा फोन आला, की ताप डोक्यात गेला आणि शिल्पा गेली. भुजंग आणि ती मिळेल त्या गाडीने पोचले, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. थांबले का नाहीत, म्हणून विचारलं तर सासरा म्हणाला, किती वेळ ठेवणार. राखेवरून अजून धग येत होती. लेकीचं तोंड काही तिला दिसलं नाही. तो हिरवा खण तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून होता, आणि पेटी उघडायची वेळ आली तर भुजंगच उघडायचा.

पहिला कंटेनर निघायचा दिवस ठरला, तशी शेडमध्ये लग्नघरासारखी धांदल सुरू झाली. दयानंदने सगळ्यांना उभं करून बजावलं. मालात किडा जायला नको, माती जायला नको, गवताची काडी की धान्याचा दाणा जायला नको. फायटो म्हणून एक सरकारी दाखला असतो, माल निर्दोष असल्याचा. तो आपल्याला मिळालाय आणि त्याची लाज राखायची आहे. रुक्मिणबाईने हे जेवढं मनावर घेतलं तेवढं कुणीच घेतलं नाही. प्रत्येक खोक्यातला प्लास्टिकचा कागद ती झटकून बघायची. एका फणीत मुंगी दिसली तर तिने अख्खं खोकं रिकामं करायला लावलं. सिंधु वैतागून म्हणाली, "काकू, तुमी तर कस्टमच्याही वरताण निघालाव."

आणि त्याच रुक्मिणबाईने आदल्या संध्याकाळी पेटी उघडली.

तिला काय वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ते ओळखणं अवघड नव्हतं. त्या कंटेनरमधली बरीचशी केळी तिच्या हातून सुटलेली, तिच्या हाताने न्हालेली. ती आता समुद्रापलीकडे, न पाहिलेल्या लोकांच्या दारात निघाली होती. तिथून परत येणं नव्हतं, आणि मागून विचारायचीही सोय नव्हती. त्यांना रित्या ओटीने कसं लावून द्यायचं? एकदा दिलं होतं, तेवढं बास होतं. तिने खण काढला, झटकला, कणगीतले मूठभर गहू त्यात घातले, हळकुंड, सुपारी, खोबरं ठेवलं आणि गाठ मारली. धान्याचा दाणा नको हे तिला तोंडपाठ होतं. पण ते मालाचं झालं. ओटीचे गहू म्हणजे धान्य, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. गावातल्या कुठल्याही बाईच्या आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कंटेनर भरला. दयानंदने दारापुढे नारळ फोडला, पत्र्यावर कुंकवाची बोटं ओढली, फोटो काढले. माल चढवणारा भारत दारं लावायला निघाला, तेव्हा रुक्मिणबाई म्हणाली, "दोन मिनिटं थांब बाबा. आतमंदी हळदकुंकू वाहून येते." भारतने तिला हात देऊन वर घेतलं. आत हाडं गोठवणारी थंडी होती. शेवटच्या रांगेतल्या दोन खोक्यांच्या फटीत तिने गाठोडं सरकवलं आणि खोक्यावरून हात फिरवला.

"नीट जा माय," ती म्हणाली. "नीट पोच."

दारं लागली, सील बसलं, कंटेनर फाट्याकडे वळला. तो दिसेनासा झाला तरी ती रस्त्याच्या कडेला उभी होती. मग परत येऊन तिने पोटभर भाकरी खाल्ली. सिंधुने कौतुकाने बघितलं, कारण अशी जेवताना तिला फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस ती दयानंदला येता-जाता विचारायची, कुठंवर गेली असतील रे आपली केळी? तो मोबाईलवर समुद्राच्या नकाशातलं जहाजाचं टिंब दाखवायचा. ते टिंब ती डोळे बारीक करून बघायची.

टिंब बंदराला लागलं आणि तिथंच अडलं.

दोन दिवस दयानंद टेबलामागे फोन कानाला लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी त्याने काम थांबवून सगळ्यांना बोलावलं आणि मोबाईल पुढे धरला. पांढऱ्या टेबलावर हिरवा खण उलगडून ठेवला होता. हातमोजे घातलेली दोन बोटं गहू पसरत होती आणि गव्हातून बारीक काळे सोंडे इकडेतिकडे पळत होते.

"हे कुणी ठेवलं?" दयानंदचा आवाज चिरकला होता. "किडा सापडला म्हणून अख्खा माल अडवलाय. किडा आपल्याकडूनच गेला म्हणून घेणाऱ्यानं हात वर केले. एवढ्या घरांची चूल ह्या कामावर हाय, आन् कुणाला ही मस्करी सुचली?"

मग तो भारतकडे वळला. "भारत, दारं तू लावलीस. सील तुझ्यासमोर लागलं. दुसरं कोण असणार? उद्यापासून येऊ नको."

भारतने रुक्मिणबाईकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्यावरचा रुमाल हातात घेऊन तो पिळत उभा राहिला. त्याला दोन लहान पोरी होत्या, आणि तरी त्याने तोंड उघडलं नाही.

"त्याला काहून बोलतोस?" रुक्मिणबाई पुढे आली. "मी ठेवली. ओटी हाय ती."

दयानंद बघतच राहिला. दुसरी कुणी असती तर त्याने शेड डोक्यावर घेतली असती. "काकू, तुमी?" एवढंच तो म्हणाला, आणि क्रेटवर बसला. "धान्य नको म्हणून किती येळा सांगितलं व्हतं. तिथल्या लोकाला काय ठाव ओटी म्हंजे काय?"

"माझं चुकलं रे. पण आता काय करायचं, सांग."

"काय करायचं? ते म्हणून राहिले, माल परत न्या, न्हाईतर आमी हितंच नष्ट करतो."

रुक्मिणबाईचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग परत आण की."

"परत आणून काय करता? येईस्तोवर पिकून सडून जाईल सगळं. आणायचा खर्च मालाहून जास्ती. असं कुणी आणत न्हाई काकू. तिथंच नष्ट करा म्हणून लिहून द्यायचं असतंय."

"न्हाई दयानंदा, तसं लिहू नको." तिने त्याची बाही धरली. "त्यायला नको असंल तर आपण आणावं. आपण लावून दिलंय, आपल्यालाच आणाय लागंल. दुसरं कोण आणंल? परत आण. एवढं ऐक माझं. परत आण तिला."

सिंधुने पदर तोंडात कोंबला. दयानंदने हळूच बाही सोडवून घेतली आणि बाहेर गेला. बाहेर उभ्या उभ्या त्याने मोबाईलवर लिहायचं ते लिहून टाकलं. त्याचं तरी काय चुकलं? शहाण्या माणसाने तेच केलं असतं. रुक्मिणबाईनेही एकदा शहाणपणच केलं होतं.

भारतचं काम राहिलं. रुक्मिणबाईलाही कुणी येऊ नको म्हटलं नाही, पण परदेशचं स्वप्न मोडलं आणि केळी पुन्हा हैदराबादच्या ट्रकमध्ये चढू लागली. निम्म्या बाया हळदीच्या कामाला गेल्या. जाताना कुणी तिला वेडंवाकडं बोललं नाही, आणि त्यानेच ती जास्त खचली. हात तसेच चालायचे, फणी तशीच अलगद पाण्यात उतरायची. गाडी भरून निघाली की मात्र ती पाठ फिरवून बसायची.

पावसाळ्याच्या तोंडावर दयानंद तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "काकू, तिकडचा कागद आला. झालं सगळं."

"काय केलं?"

"जाळलं."

ती हौदातल्या पाण्याकडे बघत होती. "तवा आपलं कुणी व्हतं का तिथं?"

"कोण असणार काकू?"

"खण बी जाळला?"

"खण बी."

तिने सुरी धुतली, पुसली, काठावर ठेवली. दयानंदला उगाच काहीतरी बोलावंसं वाटलं. "आणून तरी काय झालं असतं, काकू? दार उघडलं असतं तर सडलेलीच निघाली असती."

"सडली असती तर सडली असती रे," रुक्मिणबाई म्हणाली. "माझ्या दारात सडली असती. मला दिसली तरी असती."