मधूचा समुद्र आणि बाबूजींचं तांबं

मधू आज सकाळी गेला.
नागपुरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात, पलंगावर. समुद्रावर नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर. मराठीच्या पुस्तकात समुद्रावरची एक कविता होती. मी ती डोळे मिटून, चालीवर म्हणायचो. समुद्र वर्गात कुणीच पाहिलेला नव्हता. गुरुजींनीसुद्धा नाही.

मी पुढे जन्मभर कविताच म्हणत राहिलो.
मधू उठला आणि खरंच जहाजावर गेला. इंजिन रूममध्ये.

सुट्टीवर आला की एक गोष्ट मी त्याला हटकून सांगायला लावायचो. जहाजाच्या बुडाला तांब्याचा लाल रंग देतात, ती.

"काहून बे?"
"शिंपले-बिंपले चिकटतात ना. जहाज जड होते, चालत नाही. तांबं लावलं का समुद्रातला जीव जवळ येत नाही. आला तर मरते."

मग सत्तरच्या दशकात त्याचा थोरला भाऊ अचानक गेला. इतवारीत, भांड्यांच्या ओळीत, त्यांचं तांब्याचं दुकान. वडिलांना आम्ही सगळे बाबूजी म्हणायचो. हाताने हंडे घडवणारा माणूस, पण नजर अधू होत चाललेली. मुलगा गेला त्या दिवसापासून त्यांनी हातोडी धरली नव्हती.

मधूला तार गेली. मधू आला आणि गादीवर बसला.

समोर हंडे, मागे घागरी, डोक्यावर टांगलेले गडवे.
मधे मधू.

"मले श्वास घ्यायले जागा नाही बे इथं," एकदा म्हणाला. गिऱ्हाईक आलं तसा उठून घागर वाजवून दाखवायला लागला.

त्यातून ते वेड निघालं. घरात काचेच्या टाकीत समुद्र ठेवायचा. नदीचे मासे नाहीत, समुद्राचे. जहाजावरचा एक दोस्त मुंबईहून जोडी आणून देणार होता.

अडलं होतं पाण्यावर.

मीठ आणि इतर क्षार घोळून समुद्र करता येतो, मधू सांगायचा, पण आधी पाणी कोरं पाहिजे, काहीच न विरघळलेलं. शिवाय नागपूरचं ऊन. टाकीतलं पाणी रोज उडणार, क्षार मागे राहणार. म्हणजे रोज वरून पुन्हा कोरं पाणी.

नळाचं? आमच्या किटलीच्या बुडाशी पांढरा थर बसायचा, ते बाद.
गॅरेजमधलं बॅटरीचं? मधूने जिभेवर घेतलं आणि थुंकलं, त्यात तेजाब मिसळलेलं होतं.

शेवटी धंतोलीतल्या एका लॅबमध्ये सापडलं. उभी काचेची नळी, आत मधाच्या रंगाचे बारीक मणी. वरून नळाचं पाणी घातलं की क्षार मण्यांत अडकतात, खाली कोरं पाणी ठिबकतं. लॅबवाल्याला ती विकून टाकायचीच होती.

मधू त्या थेंबांकडे कितीतरी वेळ बघत उभा राहिला.
"हेच," म्हणाला. आणि हसला. गादीवर बसल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता.

उद्या न्यायला येतो, असं सांगून आम्ही स्कूटरवर मधूच्या घरी आलो.

अंगणातून ठोक ठोक आवाज येत होता.

बाबूजी बसले होते. हातात हातोडी. समोर तांब्याचा नवा हंडा, त्याला घुमटासारखं झाकण, झाकणातून निघालेली वळणावळणाची नळी. हाताने चाचपून चाचपून घडवलेलं.

"मधू, हे पाह्य गा. पाणी उकळलं का वाफ वर जाते, अन् नळीतून निखळ पाणी खाली. आतून कल्हई बी नाही लावली. सारं तांबंच. देवाले जे पाणी घालतो, तेच तुह्या माशाईले."

मी मधूकडे पाहिलं. मला जहाजाचं ते लाल बूड आठवत होतं. त्यालाही आठवत असणारच.

"मस्त झालं, बाबूजी," मधू म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "निदान आतून कल्हई तरी लावून घे!"
"काहून म्हणून सांगू? तुमचं तांबं विष आहे म्हणून? कितीक दिवसांनी हातोडी धरली त्यायनं."

लॅबमध्ये आम्ही पुन्हा गेलो नाही.

मासे आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. मधू रोज त्या हंड्याचं पाणी टाकीत घालायचा. घालताना माशांकडे बघायचा नाही.

होळीच्या आत दोन्ही गेले.

टाकी मात्र त्याने बंद केली नाही. दिवा तसाच, हवेचा पंप तसाच बुडबुडे सोडत. बाबूजी दुपारी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. एव्हाना त्यांना फक्त उजेड तेवढा कळत होता.

"मधू, माशाईले पाणी टाकलं का?"
"हो, बाबूजी."
"कसे आहेत?"
"पोहून राहिले."

गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगायचे, आमच्या तांब्याच्या पाण्यावर समुद्राचे मासे जगून राहिले.

एकदा जहाजावरून बोलावणं आलं. दुकान सांभाळायला चुलतभाऊही तयार झाला. मला इतका आनंद झाला की मी शाळेतली ती कविता म्हणायला लागलो.

"मी कसा जाऊ बे? पाणी कोण टाकन?"
"कशात? मासे कुठे आहेत?"

त्याने नुसतं आत बोट दाखवलं. रिकाम्या टाकीसमोर बाबूजी बसले होते. बुडबुडे ऐकत.

बाबूजी पुढे पुष्कळ जगले. ते गेले तोवर मधूचे केस पिकले होते आणि जहाजावर बोलावणारं कुणी उरलं नव्हतं.

आज मधूच्या मुलीने त्याच्या तोंडात पाणी घातलं. तांब्याच्या पळीने. घरातलीच, बाबूजींच्या हातची. एक थेंब ओठावरून ओघळला, तो मी पुसला.

मधू, तुझ्या जहाजाच्या बुडाला आता तांबं लागलं.
आता काही चिकटणार नाही. दुकान नाही, गादी नाही, आम्ही नाही.

निघ मित्रा.

ज्या समुद्राची कविता आपण न बघता पाठ केली होती, त्या समुद्राकाठून तुला माझा शेवटचा नमस्कार.