घटस्फोटाचा ओटीपी सासूच्या फोनवर

वकील न लावता घटस्फोटाचा अर्ज मी स्वतःच ऑनलाइन भरणार, असं जाहीर केल्यावर माहेरच्यांनी मला वेड्यात काढलं. नवरा मात्र एवढंच म्हणाला, "तू भर, मी सही करतो." लग्न त्याच्या घरच्यांनी पार पाडलं होतं, तेव्हा हे काम माझ्या वाट्याला येणं रास्तच होतं. आमचं भांडण नव्हतं, दोघांना एकमेकांचा मनापासून कंटाळा आला होता. वर्षापूर्वीच मी नगरला खोली घेतली होती. तिसगावचं सासर सोडताना नवरा सुटल्याचं वाईट वाटलं नाही, सासू सुटल्याचं वाटलं. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्या घरात माझ्याशी गप्पा मारणारं दुसरं कोणी नव्हतं. पण तेव्हापासून ना त्यांनी फोन केला, ना मी. कोणत्या तोंडाने करायचा?

अर्जाला लग्नाचा फोटो जोडायचा होता. फाईल मोठी असल्याने चढेना, म्हणून मी कडेला उभे असलेले नवऱ्याचे मामा फेट्यासकट कापले. नवऱ्याला मसुदा पाठवला, तर त्याची एकच हरकत.

"मामाला का काढलं? आहेर केल्ता त्यांनी."

मग राहिली माझी सही. ती आधारवरून व्हायची आणि त्यासाठी ओटीपी यायचा. माझ्या आधारला लग्नानंतर नवऱ्याचा नंबर जोडलेला. पुढे त्याने नवा फोन घेतला आणि जुना, नंबरासकट, आत्यांना दिला. म्हणजे माझ्या घटस्फोटाची किल्ली सासूच्या कनवटीला.

धीर करून फोन लावला आणि काम काय ते सरळ सांगितलं.

"म्हाईत हाय मला," आत्या म्हणाल्या. "पन ह्यो नंबर कोनाला सांगू नका म्हनत्यात. तू तीच हाय कशावरनं?"

"आवाज ओळखला नाही का, आत्या?"

"आवाज कुनीबी काढतंय. सांग, माझा कोनचा गुडघा सुजतो?"

"उजवा."

"आन् थंडीत?"

"थंडीत डावा."

त्यांची खात्री पटेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तर आधी मी जेवले का ते विचारलं. तिसऱ्याच्या वेळी शेळी व्याल्याची बातमी निघाली, दोन्ही करडं कशी दिसतात ते सविस्तर झालं, आणि तोवर संगणकाने उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात. असं बरेच दिवस चाललं. खरं सांगायचं तर मलाही घाई उरली नव्हती. ओटीपी मागवायचा, मग चहा ठेवायचा, मग सावकाश फोन लावायचा, अशी मला सवयच लागली.

शेवटी नवरा वैतागला. "आधारचा नंबर बदलून घे की," म्हणाला. आधार केंद्रावर जाऊन मी माझा नंबर जोडायला दिला. तो जोडला जाईपर्यंत आत्यांना फोन करायला निमित्त नव्हतं, म्हणून केला नाही. मग एक दिवस ओटीपी माझ्याच फोनवर आला, कोणी गुडघा विचारला नाही, आणि क्षणात सही झाली. अर्ज दाखल झाल्याचं पडद्यावर आलं आणि मला रडू कोसळलं. नवऱ्यासाठी नव्हे, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

त्याच दुपारी फोन वाजला.

"लई दिस झालं, नंबर आला न्हाई," आत्या म्हणाल्या. "मी रोज फोन घिऊन बसते. काई चुकलं का माझं?"

"नाही, आत्या. काम झालं. आता नंबर माझ्याकडेच येतो."

पलीकडे शेळी ओरडली, तिला आत्यांनी आधी दटावलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पन गुडघ्याचं इचारलं न्हाईस."

"कोणता दुखतोय?"

"आज दोनी," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या इचार."