डॉक्टर विखार हळू बोलायला लागला

"पोरं हसाय लागल्यात गं अक्का," अण्णा म्हणाले आणि परत आलेल्या अंकांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं तो पाठवला होता. सोबत निरोप होता. पोरं अंक उचलतात, मुखपृष्ठावरच्या राक्षसाला हसतात, अंक परत ठेवतात आणि शेंगदाणे घेऊन जातात.

तो राक्षस म्हणजे डॉक्टर विखार, आमच्या 'सूर्यपंख' या चित्रकथा मासिकाचा मुख्य खलनायक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात अण्णांच्या छापखान्यात चित्रकार होते. खरं तर बोलताना मी 'होतो' म्हणते. आमच्याकडं बाया 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. लिहिताना 'होते' लिहिते, कारण छापणाऱ्यांना चालत नाही.

छापखान्याचं पोट लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांवर चालायचं. 'सूर्यपंख' अण्णांच्या वडिलांनी हौसेनं काढलेलं. अण्णांचं घर गडहिंग्लजकडचं, घरात कानडी. त्यामुळं बाई कितीही लहान असो, ते तिला 'अक्का' म्हणजे थोरली बहीणच म्हणायचे.

आमचा नायक सूर्यपंख हा दिवसा शाळामास्तर. संकट आलं की पाठीला पंख फुटायचे. त्याची मला कधीच काळजी नव्हती. नायकाला फारसं काम नसतं. तो नुसता चांगला असतो. गोष्टीचं सगळं ओझं खलनायक वाहतो, आणि आमचा खलनायक थकला होता. हिरवी कातडी, टक्कल, दोन सुळे, हातात धूर सोडणारा काचेचा चंबू आणि अर्धं पान खाणारं 'हा हा हा'. या माणसाला आजच्या पोरांचे आईबाप भ्यायले होते. पोरं मात्र केबलवर रोज संध्याकाळी याच्यापेक्षा दहापट भयंकर प्राणी बघत होती, तेही पोहे खात.

त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं. आमचे निम्मे अंक पुण्याला जायचे. तिथले एजंट दामले म्हणून होते. त्यांना मी कधी बघितलं नव्हतं, पण त्यांचं अक्षर बघून माणूस सरळ बसायचा. 'आपला खलनायक कालबाह्य झाला आहे. तीन अंकांत सुधारणा न दिसल्यास अंक घेणे थांबवावे लागेल.'

पुणं थांबलं तर मासिक बंद. मासिक बंद झालं तर मी उरलेलं आयुष्य लग्नपत्रिकांवर गणपती काढणार.

"विखारला नवीन कर," अण्णा म्हणाले.

"नवीन म्हणजे कसा?"

"नवीन म्हंजे नवीन. कॉम्प्युटर दे की त्याच्या हातात."

मी दिला. चंबूच्या जागी कॉम्प्युटर काढला. विखार वीजबिल भरून घेणाऱ्या कारकुनासारखा दिसायला लागला. मग एक हात लोखंडी केला. मग कातडी जाकीट घातलं. मग एक डोळा लाल दिव्याचा केला. अण्णा प्रत्येक चित्राकडं बघून म्हणायचे, "झ्याक हाय," आणि मग थोड्या वेळानं, "पण भ्या न्हाय वाटत."

शेवटी मी कोडोलीला गेले. माझी थोरली बहीण तिथं प्राथमिक शाळेत बाई होती. तिच्या चौथीच्या वर्गात मी विखारची सगळी चित्रं भिंतीला टाचली आणि विचारलं, "यातल्या कुणाची भीती वाटते?"

वर्ग खूश झाला. हिरवा विखार एकाला त्याच्या काकासारखा वाटला. जाकीटवाला सगळ्यांना आवडला, पण लग्नातल्या बँडवाल्यासारखा म्हणून. भीतीचं कुणी नावच काढेना.

"बरं, मग तुम्ही भिता तरी कुणाला?" मी विचारलं.

भुताला न्हाय, सापाला न्हाय, गुरुजींना तर न्हायच, असं बराच वेळ चाललं. कोल्हापुरी पोरगं चारचौघांत भीती कबूल करत नाही. मग दुसऱ्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उठली.

"मी सांगतो बाई," ती म्हणाली. "आमचा बा वरडाय लागला की काय वाटत न्हाय. त्यो रोजच वरडतोय. पण हळू बोलाय लागला की भ्या वाटतंय."

वर्गातलं हसू एकदम थांबलं. दोन-तीन पोरांनी माना हलवल्या. माझ्या बहिणीनंसुद्धा हलवली.

परतीच्या एसटीत मी सीटवर बसून विखार काढला. इस्त्रीचा फुलशर्ट, भांग, चष्मा, पोटाशी जुळवलेले हात. सुळे नाहीत, धूर नाही. हा विखार ओरडत नाही. तो शहरात 'मृदुवाणी वर्ग' काढतो. पोरांना गोड, हळू, शुद्ध बोलायला शिकवतो. जो त्याचं ऐकतो त्याचा आवाज बसतो, तो पुन्हा चढत नाही. आधी पोरं, मग आईबाप, मग सगळं कोल्हापूर हळू बोलायला लागतं. ज्यानं आमचं गाव बघितलंय त्याला कळेल, हा भूकंपापेक्षा मोठा प्रकार आहे.

अण्णांना गोष्ट आवडली. अडचण बापूंची होती.

बापू म्हणजे विखारचे जनक. आधी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, मग थोरल्या अण्णांनी, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी, त्यांना छापखान्यात आणलं. वीसएक वर्षं त्यांनी 'सूर्यपंख' एकट्यानं काढला. मग हात कापायला लागला आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. तरी ते रोज अकराला यायचे, खिडकीशी बसून पेपर वाचायचे आणि माझ्या कामाला नावं ठेवायचे. मी त्यांच्याकडूनच सगळं शिकले होते. कौतुक मात्र एकदाही ऐकलं नव्हतं.

मी नवं चित्र त्यांच्यासमोर धरलं.

"ह्यो कोन? पतसंस्थेचा म्यानेजर?"

"डॉक्टर विखार, बापू."

त्यांनी चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि बारा वाजायच्या आत घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

"म्हाताऱ्याला लागलं की गं," अण्णा म्हणाले.

मला ते दिसत होतंच. एखाद्यानं वीस वर्षं वाढवलेला माणूस मी एसटीत बसून दाढीकटिंग करून टाकला होता, न विचारता. वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कारण ज्याला विचारावं असा गावात दुसरा माणूस नव्हता, आणि मला विचारायचं होतं. चित्र जमत नव्हतं. विखार कितीही वेळा काढला तरी तो सज्जनच दिसत होता.

चौथ्या दिवशी चित्रं आणि शाईची बाटली पिशवीत टाकून मी बापूंच्या घरी गेले. ते पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसले होते. कापऱ्या बोटांत खडा धरवत नव्हता, तरी चालू होतं.

"आलीस? बस."

"बापू, रागावलाय?"

"रागवाय काय झालं?" त्यांनी सूप बाजूला केलं. "तुला ठावं न्हाय. पैल्यांदा म्या बी साधाच मानूस काढलता. धोतर, कोट, टोपी. हातात काय न्हाय. थोरलं अण्णा म्हनलं, बापू, ह्येला कोन भिनार? सुळं लावा. लावलं. मग म्हनलं हिरवा करा. केला."

"मग त्या दिवशी उठून का गेला?"

त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. "मला तवा न्हाय म्हनता आलं न्हाय. वीस वरसं सुळंच काढत बसलो. तू चित्र दावलंस आन् लाज वाटली. दुसरं काय."

मग त्यांनीच हात पुढं केला. "आन हिकडं ते चित्र. ह्येचं डोळं चुकल्यात."

"काय चुकलंय?"

"तोंड हसतंय आन् डोळं बी हसत्यात. मग त्यो खराच चांगला मानूस झाला. ह्येच्यासंगं मी माझी नात शाळंत धाडीन." त्यांनी बोट ठेवलं. "ह्यो पांढरा ठिपका काढ."

इथं जरा थांबून सांगते. डोळा काढताना बुबुळात एक बारीक पांढरा ठिपका सोडतात. त्याला हायलाइट म्हणतात. डोळ्यात पडलेला उजेड असतो तो. त्यामुळं डोळा ओला, जिवंत दिसतो. कला महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवतात. तो काढून टाकायचा असतो हे कोणत्याच वर्षी शिकवत नाहीत.

बापूंना ब्रश धरता येत नव्हता. त्यांनी शाईत करंगळी बुडवली, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि दोन्ही डोळ्यांवर एकेकदा टेकवली.

चित्र तेच होतं. तेच हसू, तोच इस्त्रीचा शर्ट. पण माझी मान आपोआप मागं गेली.

"आता धाडनार न्हाय नातीला," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराला ते खिडकीशी हजर झाले, आणि महिनाभर त्यांनी मला पानापानाला छळलं. मला ते फार बरं वाटलं.

अक्षरलेखन म्हणजे फुग्यातले संवाद लिहिणं, तेही मीच करायची. चित्रकथेत खलनायकाची अक्षरं नेहमी सगळ्यात मोठी. मी विखारचा फुगा मोठा ठेवला आणि आत मुंगीएवढी अक्षरं लिहिली. वाचायला पान डोळ्याजवळ घ्यावं लागायचं. पोरगं आपणहून विखारच्या जवळ जाणार, हा हिशोब.

गोष्टीत मंडईतल्या बाया भाव पुटपुटायला लागल्या आणि माल तसाच पडला. कंडक्टर "चला, आपण निघूया का?" म्हणाला आणि गाडी कुणाला न घेता गेली. तालमीत एक पैलवान दुसऱ्याला म्हणाला, "क्षमा करा, आपला पाय जरा सोडता का?" धारेच्या वेळी हाक ओळखू येईना म्हणून म्हशींनी पान्हा चोरला. सूर्यपंख आरोळी ठोकायला गेला आणि तोंडातून आलं, "जरा बाजूला होता का, प्लीज." शेवटी गाव वाचवलं एका ठार बहिऱ्या भाजीवालीनं. तिनं विखारचं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं तिचा आवाज शाबूत होता.

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी सगळी पानं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, ह्यो विखार पुण्यागत बोलतोय."

"व्हय."

"आणि निम्मे अंक पुण्याला जात्यात."

"व्हय की."

"मग दामले काय म्हनतील?"

"मग अण्णा, कोल्हापुरात इतकं हळू कोण बोलतंय ते सांगा. त्याच्यागत लिहितो."

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला. नाव सापडलं नाही. अंक छापला.

दहा दिवसांनी दामल्यांचा फोन आला. अण्णांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः कॅलेंडरांच्या गठ्ठ्यामागं जाऊन उभे राहिले.

"चित्रकार आपणच का?" आवाज अगदी हळू होता.

"होय."

"पान नऊ. आपला डॉक्टर विखार म्हणतो, 'मी तुमची मदत करतो.'"

"होय."

"हे हिंदी झालं. मराठीत 'मी तुम्हाला मदत करतो' असं म्हणतात. इतका सुसंस्कृत माणूस अशी चूक करणार नाही."

मी धीर करून विचारलं, "बाकी अंक कसा वाटला?"

"उत्तम. मुलांनी संपवला. पालकांनीही घेतला, संस्कारांचा आहे म्हणून. आमच्याकडे काहींचा समज झाला, की नायक तोच. तो शेवटी हरला, याबद्दल दोन तक्रारी आल्या आहेत. पुढच्या वेळी शंभर अंक जास्त पाठवा. आणि शुद्धलेखन मला आधी दाखवत जा."

मी फोन ठेवला. अण्णा गठ्ठ्यामागून बाहेर आले. "शिव्या घातल्या?"

"व्याकरणाच्या घातल्या. शंभर अंक वाढवलेत."

बापूंनी पेपरमधून डोकं वर केलं नाही. "पान नऊ मी तुला सांगितलंतं," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं नव्हतं.

मासिक त्यानंतर सात-आठ वर्षं चाललं. पुढं घराघरात कॉम्प्युटर आले तेव्हा ते बंद पडलं, रडारड न करता. बापू आता नाहीत. मी अजून काढते, हल्ली शाळेच्या पुस्तकांसाठी, आणि अधूनमधून नव्या पोरांना शिकवते. खलनायक जमला की नाही हे ओळखायचं कसं, असं ती विचारतात.

त्यांना मी एकच प्रसंग सांगते. तो अंक बाजारात येऊन पंधरा दिवस झाले असतील. छापखान्याच्या दारात एक बाई आल्या. चांगल्या घरच्या, हातात आमचा अंक, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलगा दाराची चौकट धरून मागं ओढत होता.

"हे मृदुवाणी वर्ग कुठं भरत्यात ओ?" त्यांनी विचारलं. "ह्याचं नाव घालायचं हाय."

अण्णांनी त्यांना समजावून सांगितलं, की ही गोष्ट आहे, तो माणूस वाईट आहे, तो पोरांचा आवाज काढून घेतो.

"व्हय, वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "फी किती?"