बंदरावरची कानडी

शाळेत इंग्रजीच्या तासाला उभे राहून धडा वाचायची वेळ आली की माझा आवाज बंद व्हायचा. मास्तर म्हणायचे, "बस खाली. तुझ्यापेक्षा बाकानं बरं वाचलं असतं." वर्ग हसायचा. शालान्त परीक्षेत मी इंग्रजीत दोनदा नापास झालो. आपल्याला दुसरी भाषा येणार नाही, हे घरच्यांनी आणि मीही मान्य करून टाकले.

पुढे रत्नागिरीतल्या एका दैनिकात बातमीदार झालो. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षे. बंदराच्या बातम्या माझ्याकडे होत्या. यांत्रिक बोटींवर तेव्हा कर्नाटकच्या किनाऱ्यावरून खलाशी येत. त्यांच्यातला एक, वयाने माझ्याएवढाच, जेटीवर जाळे शिवत बसायचा. त्याला मोडकीतोडकी मराठी येत होती. मासळी किती, बर्फ मिळाला का, इंजिन बिघडले का, उद्या बोटी जाणार का, एवढे मला रोज विचारावे लागे. तेवढे त्याने मला कानडीत शिकवले.

एकदा सुरमईबद्दल विचारताना मी माणसांसाठीचे आदराचे बोलणे वापरले. तो जाळे टाकून उठला आणि बोटीवरच्यांना ओरडून ते सांगून आला. त्यानंतर मी दिसलो की कोणीतरी मराठीत म्हणायचेच, "साहेब, सुरमईबाई आज आल्या नाय. पाहुण्यांकडं गेल्या." या हसण्याची मला भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारायला जात असे. दीडेक वर्षात बंदरावरचे बोलणे कळू लागले. घरी सांगितले, तर वडील म्हणाले, "कानडी? तुला?"

दिवाळीनंतर एका रात्री तो खलाशी आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर बोटीवरून पाण्यात पडला. तो बोटीवर नाही, हे पहाटे ध्यानात आले. बोटींनी शोध घेतला, किनाऱ्यावरच्या गावांना कळवले, मग शोध थांबला. बातमी मीच लिहिली. ती चार ओळींची होती.

त्याचे वडील गावाहून एकटे आले. त्यांना कानडीशिवाय काही येत नव्हते, आणि तिकडचे सगळे खलाशी तेव्हा समुद्रावर होते. बोटीच्या मालकाने मला कचेरीतून बोलावून घेतले.

"तुमीच बोला त्यांच्याशी," तो म्हणाला. "शोध थांबवलाय, मुलगा आता मिळायचा नाय, एवढं सांगा. उगाच आशेवर बसायला नकोत."

म्हातारे बोलू लागले. जेटीवर असे कोणी बोलत नसे. लांब वाक्ये, मध्येच रडणे. मला काही उमगेना. मी म्हणालो, "निधान, निधान." सावकाश बोला. त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितले, एकेक शब्द तोडून, लहान मुलाला समजवावे तसे. त्यांना विचारायचे होते, शोधायला बोटी परत कधी जाणार?

शोध थांबवला, हे कानडीत कसे म्हणायचे ते मला माहीत नव्हते. 'मेला' हा शब्द येत होता. तो माशांबद्दल शिकलेला होता आणि त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. मी म्हणालो, "उद्या बोटी जाणार नाहीत." हे वाक्य रोजच्या सवयीने अगदी स्वच्छ आले. त्यांनी मान हलवली.

"सांगितलंत ना?" मालकाने विचारले. मी हो म्हणालो.

म्हातारे परत गेले नाहीत. उद्या नाही म्हणजे परवा, असा त्यांनी अर्थ घेतला होता. मांडीवर पिशवी घेऊन ते जेटीच्या टोकाला बसून राहत. मालकाच्या घरून चहा-भाकरी येत होती. "कळलंय त्यांना," मालक म्हणायचा, "पण पाय निघत नसेल." मी दुरून पाहत होतो. जवळ गेलो नाही.

बोटी परतल्या तेव्हा तिकडचाच एक वयस्क तांडेल, एका बोटीचा प्रमुख, त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलला. मी आणि मालक मागे उभे होतो. त्याने सांगितलेले मला सगळे समजले. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे हात करून विचारले, मग यांनी हे का नाही सांगितले? तांडेलाने ते मालकाला मराठीत सांगितले.

मालक माझ्याकडे वळला. "अवो, तुमी त्यांना सांगितलंत तरी काय?"

"उद्या बोटी जाणार नाहीत."

"एवढंच?"

"मला तेवढंच येत होतं."

तांडेलाने म्हाताऱ्यांची पिशवी उचलली आणि ते दोघे एस. टी. स्टँडच्या दिशेने चालू लागले.