पाहुण्यांकडे तोंड केलेला मॉनिटर

सांडोरच्या यमुनामावशींनी आजवर दोनशे अकरा लग्नं जुळवली आणि त्यातली दोनशे नऊ टिकली. उरलेल्या दोन्हींचा विषय काढलेला त्यांना खपत नाही. शाळेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेली बाई, त्यामुळे नोंदी एकदम चोख. नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि शेवटच्या रकान्यात शेरा. खरा माल त्या शेऱ्यात असायचा. ‘मुलगा गुणी, काका आगाऊ.’ ‘उंची दोन इंच वाढवून सांगितली.’ पाहुण्यांपुढे वही धरली की मावशींचा तळहात न चुकता त्या रकान्यावर पडायचा.

पुढे वह्या जाऊन लॅपटॉप आला, आणि तो बघायला माणसं मावशींच्या खांद्यावर हनुवटी टेकू लागली. मावशी वैतागल्या. त्यांच्या पुतण्याचं, कल्पेशचं, वालीवला वर्कशॉप आहे. त्याने ऑफिसातला जुना मॉनिटर पाठवला आणि रविवारी येऊन जोडून देतो म्हणाला. पण रविवारपर्यंत थांबतील त्या मावशी कसल्या! शनिवारी सकाळीच त्यांनी केबलचं एक टोक इकडे, एक तिकडे खुपसलं. पडद्यावर ‘नो सिग्नल’. मॉनिटरखालची सगळी बटणं दोनदोनदा दाबून झाल्यावर कुठे एचडीएमआय सापडलं आणि चित्र उमटलं. फोनवर कल्पेशने बजावलं, की आता विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाब, एक्स्टेंड निवड, नाहीतर तुझ्यासमोर आहे ते सगळं तिकडे दिसेल. मावशी हो हो म्हणाल्या. चालू झालेल्या यंत्राला उगाच बोट लावायचं नाही हा त्यांचा जुना नियम. त्यांनी मॉनिटरचं तोंड पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे फिरवलं, त्याची पाठ स्वतःकडे ठेवली आणि खूश झाल्या.

दुपारी रचना आणि तिची आई आल्या, तसं मावशींनी चहाचं आधण ठेवलं. रचना चौतीस वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सहा स्थळं होऊन गेली होती, काही जमलं नव्हतं. या मुलीचं भलं व्हावं असं मावशींना मनापासून वाटे. सातवं स्थळ त्यांनी निवडून ठेवलं होतं. हेही हुकलं तर पुन्हा येणार नाही, असं रचनाने फोनवर सांगितलं होतं. दोन वर्षांत ती त्यांच्याशी आपणहून बोलली ती तेवढंच.

मावशींनी रचनाचं पान उघडलं आणि वाचायला घेतलं. हरेश्वर, चिंचोटीचा, स्वतःची रोपवाटिका, वय छत्तीस. समोरून हं नाही की चूं नाही. मान वर करून पाहतात तर रचना ओठ दाबून हसत होती आणि तिची आई मॉनिटरच्या उजव्या कडेला डोळे लावून बसली होती.

मावशी ताडकन उठल्या. त्या मॉनिटरला वळसा घालून पलीकडे गेल्या. मोठ्या पडद्यावर सहाच्या सहा शेरे टपोऱ्या अक्षरांत झळकत होते. ‘मुलाने मुलीला आवड विचारली. उत्तर आईने दिलं.’ ‘चहा झाला. आई बोलली.’ ‘मुलीचा आवाज अजून ऐकला नाही.’ आणि सातव्यापुढे: ‘मुलगा कमी बोलतो, नीट ऐकतो. हिच्यासाठी हाच. पण आईला गप्प कसं करायचं?’

त्यांनी केबल उपटायला हात घातला, तेवढ्यात रचना म्हणाली, “राहू द्या, मावशी. आईचं वाचून व्हायचंय अजून.”

आईने सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मावशी माफी मागू लागल्या, तर त्यांना तिने हातानेच थांबवलं. नवरा गेल्यापासून घरात बोलायचं ते मीच, लोकांनी पोरीला अडवू नये म्हणून आधी मीच पुढे होते, असं ती पदराशी चाळा करत म्हणाली. मग खुर्ची लेकीकडे वळवून तिने विचारलं, “तुला काय वाटते? मी नाय बोलत.”

रचना आधी अडखळली. हरेश्वरची रोपवाटिका बघायचीय म्हणाली, एकटीने. लॅबची नोकरी सोडणार नाही म्हणाली. आणि मग जी सुटली, ती पाऊण तास. शिकावंसं वाटलेलं, न आवडलेलं, हसू आलेलं, सगळं. आईने मधे चारदा तोंड उघडलं आणि चारदा मिटलं. मावशींनी तर आधणाखालचा गॅससुद्धा उठून बंद केला नाही, भांडं करपलं.

निघताना रचना चपला घालून हरेश्वरचा नंबर फोनमध्ये घेत पुढे गेली. आई दारातच थांबली. रागावली असेल या भीतीने मावशी तिच्याजवळ गेल्या. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “ही येवढी बोलते, मला म्हाईतच नव्हतं.”