मामंजींचं पथ्य

मामंजींना गिरणीत चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी पथ्य मला सांगितलं, कारण नवरा पाळीवर होता आणि सासूला ऐकू कमी यायचं. "रक्तदाब फार वाढलाय. मीठ, सुकी मासळी, विडी बंद. गोळी रोज. नाहीतर डोक्यातली शीर फुटेल." मी सगळं नीट ऐकून घेतलं.

त्या दिवशी अळणी पेज वाढली. मामंजींनी ताटली उचलून माझ्यावर फेकली. "ह्या काय जेवाण? गुरांक घाल!" गरम पेजेने माझी पावलं भाजली. सासूने आधी फरशी पुसायला लावली, मग तेल दिलं.

मला राग आला, आणि तो उतरला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना हवं तेच करू लागले. खारा बांगडा, सुकट, लोणचं, भातावर वरून मीठ. गोळ्या डब्यात पडून राहिल्या. त्या घेतल्या की सुस्ती येते म्हणून ते कुरकुरत, आणि मी कशाला आठवण करू? सगळं परळ ऐकेल एवढ्या मोठ्याने ते शेजाऱ्यांना सांगत, "आता सुनेक जेवाण जमाक लागला." पथ्याबद्दल नवऱ्याला मी काही बोलले नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे रोजचेच होते. एका दुपारी चाळीखालून मोर्चा चालला होता. मामंजी गॅलरीत उभे राहून घोषणा देत होते. अचानक त्यांनी डोकं धरलं, ओकले आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी ऊन लागलं म्हणालं. टॅक्सीने त्याच डॉक्टरांच्या इस्पितळात नेलं.

शेजारी डॉक्टरांना मोठ्या अभिमानाने सांगत होते, "महाराष्ट्रासाठी ओरडता ओरडता झालं हो."

"ओरडणारे हजारो असतात," डॉक्टर म्हणाले. "ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालाय." मग माझ्याकडे वळले. "मीठ बंद होतं ना? गोळ्या चालू होत्या?"

"हो," मी म्हणाले.

"हिने फार केलं त्यांचं," नवरा म्हणाला.

मामंजी शुद्धीवर होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात निर्जीव. माझं उत्तर त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलले, घशातून नुसती घरघर आली. बोलता येत नव्हतं त्यांना. मी पदराने त्यांची लाळ पुसली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली नाही.