पाटणकर साहेब आणि त्यांचं 'इम्युलस'

सरकारी ऑफिसात फायली कधीतरी निकालात निघतात, किस्से मात्र साचतच जातात. आमच्या दिल्लीच्या ऑफिसातले निम्मे एकट्या पाटणकरांचे!

ॲम्बिशस काय, सगळेच असतात. म्हणून पाटणकरांनी डिक्शनरीतून स्वतःसाठी खास विशेषण शोधलं. "आपण इम्युलस आहोत!" कॅन्टीनमध्ये त्यांनी जाहीर केलं.

मी अर्थ पाहिला. दुसऱ्याची बरोबरी करायची, त्याच्या पुढे जायची ईर्ष्या असलेला. शब्द तसा चांगला आहे, हुशार विद्यार्थ्याला शोभतो. पण पाटणकरांची सगळी ईर्ष्या एकाच माणसाशी, शेजारच्या खोलीतल्या चौधरींशी.

*

दिल्लीत साहेबाचं वजन खुर्चीच्या पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलवरून कळतं. चौधरींकडे नवा टॉवेल आला. लगेच पाटणकरांनी करोल बागेतून त्याहून मोठा आणला. तो जमिनीवर लोळायचा, खुर्चीच्या चाकात अडकायचा आणि साहेब जागच्या जागी! सोडवायला शिपाई बोलवावा लागे.

*

चौधरी सकाळी वॉकला जाऊ लागले. पाटणकरही निघाले. पुढे चौधरींचा गुडघा दुखायला लागला आणि त्यांचा वॉक बंद पडला. पाटणकरांचाही बंद!

"तुमचा गुडघा तर ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"अहो, पण आता पुढे कुणाच्या जायचं यार?"

*

लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या क्वार्टरवर चहाला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सांगा, मुलीची बारावी होईपर्यंत दिल्ली सोडायची नाही. तेवढंच मागतेय मी."

"बिल्कुल नाही सोडणार!" पाटणकर म्हणाले. मग हळूच मला, "चौधरीची मुलगी कितवीत आहे हो?"

*

एकदा मोठ्या साहेबांनी चौधरींना आत बोलावलं. पाटणकर दाराशी घुटमळत होते. 'पोस्टिंग' एवढा एकच शब्द कानावर पडला आणि ते थेट आत घुसले.

"सर, जो भी पोस्टिंग है, पहले मेरा नाम! मैं सीनियर हूँ!"

"अरे वाह!" साहेब खूश झाले. "चौधरी जी तो कब से मना कर रहे हैं."

ऑर्डर निघाली. राजस्थानच्या सीमेवरचं गाव, बारावीची सोयसुद्धा नाही. वहिनींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्यासाठी माझा जीव तुटला, ह्या माणसासाठी अजिबात नाही.

फेअरवेलला समोसे झाले, भाषणं झाली. गळ्यातला हार सावरत पाटणकर माझ्या कानाशी आले.

"एक प्रॉमिस करा. चौधरीच्या वेळी ह्याहून मोठा हार आणायचा नाही!"